बोलीतली बातमी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरची भाषा आसपास थोड्यांचीच आहे, आणि त्याच माणसांत राहून पत्रकारिता करायची आहे, अशा वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात असं गेल्या अंकात सुचवलं होतं. माडिया, कोरकू, पावरी या आदिवासी भाषा बोलणाऱ्यांची पत्रं आली आणि बेळगावहून मराठी बोलणाऱ्यांचीही आली. सीमा ओलांडली की मराठीसुद्धा थोड्यांची होते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या चटकन ध्यानात येत नाही. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त ठिकाण दिलं आहे.

मी माडिया बोलते. बी.ए. झालंय. मराठी पेपर आमच्याकडे उशिरा पोचतो, आणि त्यात आमच्या गावांचं नाव चकमक झाली किंवा पूर आला तरच येतं. मला माडियात बातम्या द्यायच्या आहेत. फोन आहे, पैसे नाहीत. पत्रक छापू की यूट्यूब काढू? लिपी कोणती घेऊ? आणि सुरुवात कुठून करू?
*– एक वाचक, ता. भामरागड, जि. गडचिरोली*

आधी लिपीचा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्याकडे जो वाचायला शिकला तो मराठी शाळेत शिकला. त्याच्या हातात देवनागरीतलं माडिया दिलं तर तो अडखळत वाचतो, कारण आपली भाषा त्याने कधी लिहिलेली पाहिलेलीच नाही. आणि ज्या आजीला मराठी समजत नाही, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती कुठलीच लिपी वाचत नाही. म्हणून आवाज. पत्रकही नाही आणि तूर्त व्हिडिओही नाही, कारण व्हिडिओला नेटवर्क लागतं, चार्जिंग लागतं आणि बोलणारा कॅमेऱ्यासमोर अवघडतो.

माडिया ही गोंडीच्याच कुळातली, आणि गोंडीसाठी मसराम आणि गुंजाळा अशा दोन लिपी आहेत. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोनवरच्या अक्षरांच्या जागतिक संचात, आली. दोन्हींचे नोटो फॉन्ट फुकट मिळतात. पण जुन्या फोनवर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. नावाच्या पाटीवर लिपी जरूर मिरवा, बातमीचा मजकूर मात्र सध्या तिच्यात अडकवू नका. हे काहींना रुचणार नाही, तरी आमचं मत हेच.

आवाजाची बातमी मध्य भारतात नवी नाही. छत्तीसगडात २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम चालला. गावकरी एका क्रमांकावर मिस्ड कॉल देतो, यंत्रणा उलट फोन करते, तो आपल्या भाषेत बातमी बोलतो, संपादक पडताळणी करून ती सगळ्यांना ऐकवतात. त्यातली घेण्यासारखी एक सवय म्हणजे तक्रारीच्या बातमीच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा कार्यालयीन क्रमांक सांगणं. ऐकणारे फोन करतात आणि हातपंप दुरुस्त होतो. जिथे नेटवर्क नव्हतं तिथे हीच ध्वनिफीत ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर फिरली. तुमच्याकडे आठवडी बाजार हे त्याचं हक्काचं ठिकाण.

आठवड्याला एकच फीत काढा, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. तीन बातम्या, एकूण चार मिनिटं. एमपी३ मोनो ३२ केबीपीएसवर (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) साठवली तर चार मिनिटांची फीत एक एमबीच्या आत बसते. बोलण्याला हा दर्जा पुरतो, गाण्याला नाही. ६४ वर ठेवली तर आकार दुप्पट होतो आणि कमकुवत नेटवर्कवर फीत अर्ध्यातच अडकते. मराठी बातमीदाराला मिनिटाला अमुक शब्द असा हिशेब शिकवतात, तो तुम्हाला लागू पडणार नाही. माडियात प्रत्ययाला प्रत्यय चिकटून शब्द लांबतो. शब्द मोजू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

ध्वनिमुद्रण करताना फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी कॉल येतो आणि काही फोनमध्ये मुद्रण तिथेच तुटतं. तोंडापासून माइक वीतभर अंतरावर ठेवा. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात मुद्रण होत नाही. बाज उभी करून तिच्यावर गोधडी टाकली की कोपऱ्यात चालण्यासारखी खोली तयार होते. वाऱ्यात बोलणं घ्यायचं असेल तर माइकला स्पंज किंवा सुती कापडाचा एक पदर गुंडाळा. फितीला नाव देताना तारीख, गाव, विषय याच क्रमाने द्या. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं की मी असं बोललोच नव्हतो, तर मूळ फीत हाती हवी, म्हणून मेमरी कार्डावर वेगळी प्रत ठेवा.

आता बातम्या कोणत्या, ते. भाषा वाचवण्याच्या बातम्या देऊ नका. भाषा दिनाचा कार्यक्रम ऐकायला कुणी फोन कानाला लावत नाही. ज्यावर घरातले पैसे, धान्य आणि जाणं-येणं ठरतं तिथून सुरुवात करा. रेशनचंच घ्या. अंत्योदय कार्डाला महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. राज्याच्या संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक टाकला की त्या महिन्यात नावावर किती धान्य उचललं ते दिसतं. पाच कुटुंबांच्या संमतीने त्यांचे आकडे बघा, घरात प्रत्यक्ष किती आलं ते विचारा, फरक निघाला तर दुकानदाराचं आणि पुरवठा निरीक्षकाचं म्हणणं घ्या. झाली पहिली बातमी. फरक नाही निघाला तर यंदा कुठल्या कार्डाला किती मिळतं एवढीच द्या. तीही बातमीच आहे.

एप्रिल-मे आला की तेंदूपत्ता. इथे आकडे हमखास चुकतात. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा, सीमेपलीकडे छत्तीसगडात ५० पानांचा. प्रमाण गोणी हजार पुड्यांची. लिलावाचा भाव गोणीला बोलला जातो आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, पैसे शेकड्याने मोजले जातात. उदाहरणादाखल, गोणीला ९,००० रुपये म्हणजे शेकडा पुड्यांना ९०० रुपये. पण ते सगळे तोडणाऱ्याच्या हातात येत नाहीत. त्यात मजुरी किती आणि ग्रामसभेच्या खात्यावर जाणारा भाग किती, हे ग्रामसभेचा ठराव आणि ठेकेदाराशी झालेला करारनामा पाहून सांगा. नुसता ‘भाव ९,०००’ असा फिरवलात तर पंधरा दिवसांनी लोक तुमच्या दारात उभे राहतील. करारनामा मागायला बिचकू नका. ग्रामसभेच्या सदस्य म्हणून तो पाहण्याचा हक्क तुम्हालाही आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाची.

पावसाळ्यात इशारे. गडचिरोली जिल्हा १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, आणि हवामान खात्याचा नारंगी इशारा येतो तो अख्ख्या जिल्ह्याला. दूर दुसऱ्या टोकाला कोरचीत पाऊस कोसळला आणि तुमच्याकडे ऊन पडलं की ‘इशारा खोटा’ असं होऊन बसतं आणि पुढचा कुणी ऐकत नाही. त्यातून तुमच्या नद्यांचं पाणी फक्त तुमच्या पावसावर ठरत नाही, वर छत्तीसगडात पडला तरी फुगतं. म्हणून ‘नारंगी’ या शब्दाचं भाषांतर करत बसू नका. इशारा कुणी दिला, कधीपर्यंत आहे, पर्लकोटा नदीच्या पुलावर आत्ता काय स्थिती आहे, गाडी अलीकडे कुठे थांबते आणि हे सांगणारा माणूस तिथे कितीला उभा होता, एवढं सांगा. वेळ न सांगितलेली पुराची बातमी दुसऱ्या दिवशी फिरत राहते आणि घात करते.

मराठी प्रेसनोटचं माडियात भाषांतर करणं हा बहुतेक नव्या बातमीदारांचा पहिला दोष. ‘लाभार्थ्यांनी विहित नमुन्यात अर्ज सादर करावेत’ याला तुमच्या भाषेत शब्द सापडणार नाहीत, कारण तसं कुणी बोलतच नाही. कागद दोनदा वाचा, उलटा ठेवा आणि शेजारणीला सांगता तसं सांगा. कोणत्या अवघड शब्दाला काय म्हणायचं हे एका वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेच म्हणा. दर आठवड्याला शब्द बदलला की ऐकणारा गोंधळतो. फीत सोडण्याआधी तिघांना ऐकवा: एक म्हातारं माणूस, एक शाळकरी पोर, एक दुसऱ्या टोकाच्या गावचा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘मी काय सांगितलं?’ असं विचारा. तिघांत दोघांनी भाव चुकीचा सांगितला तर चूक तुमच्या वाक्यात आहे. एटापल्लीकडची माडिया, धानोऱ्याची गोंडी आणि कोरचीची गोंडी एक नाही. सगळ्यांना चालेल अशी भाषा घडवायला जाऊ नका, आपल्या वीस-पंचवीस गावांपुरतं बोला.

तुमची खरी अडचण भाषेची नसून नात्याची असेल. सरपंच मामा, रोजगारसेवक चुलतभाऊ, अंगणवाडीताई मैत्रीण. सगेसोयऱ्यांतल्या भांडणाची बातमी स्वतः करू नका. दुसऱ्या पट्ट्यातल्या बातमीदाराशी अदलाबदल करा: त्याच्या गावचं तुम्ही, तुमचं तो. दोन साक्षी घेताना ते एका घरातले नसावेत. ग्रामसभेत मुद्रण करायचं तर सभा सुरू होण्याआधी उभं राहून विचारा, संपल्यावर नाही. गोटूल (गावातलं तरुणांचं एकत्र जमण्याचं घर) आणि पेनाच्या, म्हणजे देवाच्या, पूजेतलं काही मुद्रित करायचं असेल तर परवानगी माणसाची नव्हे, गावाची लागते.

आणखी एक गोष्ट शहरातल्या अभ्यासक्रमात नीट सांगत नाहीत. अत्याचार झालेल्या मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे. चाळीस घरांच्या गावात ‘आश्रमशाळेतली सातवीतली मुलगी’ म्हटलं की नाव न घेताही ओळख पटते. आवाजाच्या माध्यमात तर वडिलांच्या आवाजावरूनही पटते. अशा वेळी गाव, शाळा, इयत्ता, नातेवाइकाचा आवाज, सगळं गाळा. तालुका सांगा आणि पोलिसांनी, शाळेने, बालकल्याण समितीने काय केलं ते सांगा.

चकमकीच्या बातम्या पहिली दोन वर्षं तरी करू नका. कुठल्याही बाजूचा निरोप, चिठ्ठी किंवा पत्रक पोचवायचं नाही. कुणाची हालचाल कुठे दिसली हे ना बातमीत ना गप्पांत. कुणी विचारलं तर ‘मी रेशन आणि पुराच्या बातम्या देते’ हे उत्तर खरं असावं आणि फितींवरून दिसावंही. बाहेर पडताना कुठे जाते आणि कितीला परत येईन हे घरी सांगून निघा.

छापील पत्रकाचं नंतर कधी मनात आलं तर लक्षात ठेवा, दर महिन्याला नेमाने निघणारं दोन पानी बातमीपत्रही कायद्याने नियतकालिकच. १ मार्च २०२४ पासून वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा लागू झाला आहे. नाव आणि नोंदणी दोन्हींचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो.

धारणी तालुक्यातून एका मराठी दैनिकाला बातम्या देतो. मी कोरकू. बातम्या संपादित करणाऱ्या डेस्कला माझ्याकडून फक्त कुपोषण आणि अंधश्रद्धा हवी असते. गावात लोक म्हणतात, तू आमची बदनामी करतोस. दोन्हीकडून मार खातोय.
*– एक वाचक, जि. अमरावती*

कुपोषणाची बातमी सोडू नका, पण ती नीट करा. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांतला नेहमीचा गोंधळ म्हणजे आकड्याखाली काय मोजलं हे लिहिलेलं नसतं. एक वर्षाच्या आतले की सहा वर्षांपर्यंतचे? उपजत मृत त्यात धरले का? मोजणी एप्रिलपासून की जानेवारीपासून? दर द्यायचा असेल तर हजार जिवंत जन्मांमागे द्यावा लागतो, आणि तो एका गावाचा काढू नये. वीस जन्मांत एक मृत्यू झाला की दर ५० होतो, पुढच्या वर्षी शून्य. दोन्हींना अर्थ नाही. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल सॅम (तीव्र कुपोषित), ११.५ ते १२.५ च्या आत मॅम (मध्यम कुपोषित), आणि ही पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्याच मुलांना लागू. अंगणवाडीत बसून एकदा मोजणी बघा. पट्टी कोपर आणि खांद्याच्या मधोमध लावली जाते की नाही, घट्ट ओढली जाते का, एवढ्याने मूल एका गटातून दुसऱ्यात जातं.

याहून मोठी बातमी स्थलांतरात आहे, आणि ती तुम्हालाच दिसू शकते. दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. त्या महिन्यांत अंगणवाडीत वजन झालेली मुलं कोण? मागे राहिलेली. सर्वांत अडचणीतली मुलं वीटभट्टीवर गेलेली असतात आणि तक्ता सुधारलेला दिसतो. ऑक्टोबर, जानेवारी आणि होळीनंतरचा महिना या तिन्हींची ‘नोंदलेली मुलं’ आणि ‘वजन झालेली मुलं’ अशी दोन्ही संख्या मागा. तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘कुपोषणाबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून परत येईल. प्रकल्प, बीट (अंगणवाड्यांचा गट), महिना आणि रकाना नेमका लिहा.

अंधश्रद्धेचं. भुमक्याला मराठी पेपरात ‘मांत्रिक’ करून टाकतात. भुमका गावाची पूजाअर्चा करतो, औषध देतो, आजाऱ्याकडे सगळ्यांत आधी त्यालाच बोलावतात. त्याला सोबत घेण्याचे प्रयत्न आरोग्य खात्यानेही केलेले आहेत. शब्द भुमकाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागल्याची, म्हणजे डंब्याची, घटना घडली तर लपवू नका. बाळ त्यात मरतं आणि लपवण्यात समाजाचं भलं नाही. पण ‘अंधश्रद्धेचा बळी’ एवढ्यावर थांबू नका. बाळाला काय झालं होतं, प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर, १०८ ला फोन कितीला गेला, गाडी कितीला आली, त्या दिवशी डॉक्टर हजर होते का, या पाच गोष्टी बातमीत असल्या की गाव ‘बदनामी’ म्हणत नाही आणि डेस्कलाही बातमी अधिक मोठी वाटते. गुन्हा दाखल झाला असेल तर कोणत्या कलमाखाली, तेही द्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव ऐकून लिहू नका, एफआयआर पाहून लिहा.

डेस्कशी वाद घालून काही होत नाही. सोय करून द्यावी लागते. बातमी पाचच्या आत, खात्याच्या प्रतिक्रियेसह आणि दोन शीर्षकं सुचवून पाठवा. शीर्षक तयार मिळालं की गर्दीच्या वेळी उपसंपादक बहुधा तेच वापरतो. आणि महिन्यातून दोन बातम्या अशा द्या की ज्यांत कोरकू माणूस दुःखी नाही, कामात आहे: सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाने बांबूचं काय केलं, सोयाबीनच्या मळणीला यंत्र किती रुपयांनी मिळालं.

सोबत कोरकूत फीत काढायचा विचार असेल तर २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार आहेत, आणि त्यातले जास्त सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूरकडे. फीत तिकडेही जाणार. तेव्हा योजनेची बातमी देताना ती कोणत्या राज्याची हे पहिल्या वाक्यात सांगा. खंडव्याची बाई महाराष्ट्राच्या योजनेचा अर्ज घेऊन तहसीलला गेली तर तुमचं नाव कायमचं गेलं.

बेळगावात मराठी पत्रकार व्हायचं आहे. मराठीतच लिहिणार, मग कन्नड शिकण्याची सक्ती का मानावी?
*– एक वाचक, बेळगाव*

सक्ती म्हणून नका मानू, हत्यार म्हणून माना. महानगरपालिकेचा ठराव, जमिनीची नोटीस, एफआयआर, न्यायालयातली कागदपत्रं, मंत्र्याचं पत्रक, सगळं कन्नडमध्ये. ज्याला ते वाचता येत नाही तो दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर बातमी करतो, आणि सांगणाऱ्याचा काही ना काही हेतू असतोच. सीमाभागात एका क्रियापदाच्या चुकीने मोर्चा निघू शकतो.

साहित्यिक कन्नडची गरज नाही. लिपी येण्याला मन लावून तीन-चार आठवडे लागतात. आकडे आधी शिका, मग सरकारी शब्द. ‘आदेश’, ‘जिल्हाधिकारी’ ओळखीचेच निघतील. ‘सुत्तोले’ म्हणजे परिपत्रक, ‘पहणी’ म्हणजे आपला सातबाराचा उतारा. जमिनीच्या बातमीत पहणीवर कब्जेदाराचा रकाना, पिकाचा रकाना आणि फेरफार क्रमांक कुठे असतो हे आधी जमिनीच्या व्यवहारातल्या एखाद्या वकिलाकडे बसून बघून घ्या. भूसंपादनाच्या बातम्या शेतकऱ्यांच्या सभेतून येतात, पण टिकतात त्या उताऱ्यावर.

तुमच्या हक्काचंही माहीत असू द्या. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त असतो. जिथे अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या नियमांची आणि नोटिशींची भाषांतरं त्या भाषेत द्यावीत, असं अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेलं आहे. ‘मराठीतून कागद मिळत नाहीत’ ही बातमी दरवर्षी त्याच शब्दांत छापण्यापेक्षा एका वर्षातल्या किती नोटिसा कोणत्या भाषेत निघाल्या याची मोजणी करून छापा.

आणि सीमाप्रश्न हाच एक विषय समजू नका. १९५६ पासूनचा वाद, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, याची माहिती हवीच, आणि ‘तरुण भारत’सारखं १९१९ पासून चाललेलं दैनिक गावात असताना ती परंपराही ठाऊक हवी. पण मराठी वाचकाच्या गल्लीतलं गटार, खानापूरची बस आणि मराठी शाळेतली रिकामी शिक्षकपदं यांच्या बातमीला जागा कमी पडते ती त्याच त्या विषयाने. नवख्याला शिरकाव तिथेच आहे.

आमची नंदुरबार जिल्ह्यात संस्था आहे. पावरी आणि भिलीत बातम्या देण्यासाठी सामुदायिक रेडिओ घ्यावा का?

बातम्यांसाठीच घेणार असाल तर नको. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, वीज-पाणी, परीक्षा, नोकरीच्या जागा, आरोग्याचे इशारे, आपत्ती, स्थानिक कार्यक्रम हे ‘बातमी’त धरत नाहीत, ते चालतं. परवाना व्यक्तीला नाही, संस्थेला मिळतो. ताकद १०० वॅट आणि मनोरा ३० मीटरपर्यंत, त्यामुळे सपाटीवर बऱ्यापैकी पोचतो, पण एफएम लहरी सरळ जातात, आणि सातपुड्याच्या एका सोंडेपलीकडचा पाडा कोरडा राहतो. मनोरा शहाद्याच्या बाजूला उभारून धडगावकडे ऐकू जाईल अशी आशा धरू नका.

पदवी लागते का?

स्वतःचं काही सुरू करायला नाही. आकाशवाणीचं अंशकालीन वार्ताहराचं काम किंवा मोठ्या दैनिकाची नोकरी हवी असेल तर पदविका उपयोगी पडते. विदर्भातल्यांना अमरावतीचं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र जवळ आहे. तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट. दोन्हींकडे बोलीत बातमी कशी द्यायची हे वेगळं शिकवलं जाईल असं धरून चालू नका. पडताळणी, कायदा आणि संपादन शिकायला जा.

सगळं खरं, पण पोटाचं काय? बोलीतल्या बातमीला जाहिरात कोण देणार?
*– एक वाचक, चंद्रपूर*

पहिलं वर्ष कुणीच देणार नाही असं समजून चला. खर्च मात्र थोडा आहे: कॉलरला लावायचा तारेचा माइक हजाराच्या आत, मेमरी कार्ड, महिन्याचा रिचार्ज आणि पेट्रोल. पेट्रोलच सगळ्यांत मोठं, म्हणून बाजाराच्या दिवशी जाणं-येणं आणि बातमी एकाच फेरीत बसवावं लागतं.

पैसे दुसऱ्या भाषेतून येतात. बोलीत जी बातमी केलीत तीच नव्याने लिहून मराठी किंवा हिंदी वृत्तपत्राला, पोर्टलला द्या. तुमच्याइतक्या आतून ती कुणाकडे नसते. फोटो वेगळे विका. दुभाषी म्हणून संशोधक आणि बाहेरचे पत्रकार येतात, त्यांच्याशी दिवसाचा दर आधी ठरवा आणि ‘माझंही नाव बातमीत’ ही अट घाला. नुसता रस्ता दाखवणारा म्हणून वापरून घेतात.

तालुका बातमीदाराला अनेक ठिकाणी मानधन नावापुरतं असतं आणि खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांचं ‘टार्गेट’ मिळतं. ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात घेतली त्याच्या घरकुलांची बातमी पुढच्या आठवड्यात कशी करणार? शक्य असेल तर जाहिरात गोळा करणारा माणूस वेगळा ठेवा. नसेल तर ग्रामपंचायती आणि ठेकेदार सोडून दुकानं, दवाखाने, बियाणेवाले एवढ्यांकडूनच घ्या. आरोग्य खात्याची किंवा एखाद्या संस्थेची जनजागृतीची फीत पैसे घेऊन केलीत तर ती बातम्यांच्या फितीत मिसळू नका. वेगळी पाठवा आणि सुरुवातीलाच ‘ही जाहिरात आहे’ असं त्याच भाषेत सांगा.

नियुक्तीचं पत्र लेखी घ्या, मानधन दोनशे रुपये असलं तरी. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करत नाही. पण तो कायदा प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा करारावर काम करणाऱ्याला पत्रकार मानतो. नुसत्या व्हॉट्सॲप फितीच्या बळावर तुम्ही त्यात बसणार नाही, एखाद्या वृत्तपत्राचं दोन ओळींचं पत्र असेल तर बसू शकता. व्यवसाय म्हणून डिजिटल बातम्या देऊ लागलात तर माहिती तंत्रज्ञानाचे २०२१ चे नियम लागू होतात: तक्रार ऐकणाऱ्याचं नाव आणि पत्ता जाहीर करा, तक्रारीची पोच २४ तासांत द्या, निकाल १५ दिवसांत. हे रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा. साधी शंभर पानी वही चालते. रकाने पाच: तारीख, कुणाची तक्रार, कुठल्या फितीबद्दल, आपण काय तपासलं, आणि दुरुस्ती कोणत्या फितीत सांगितली.